बेदिलीला इंग्रजीत काय म्हणायचं?

पत्र थोडक्यात: सोलापूरहून एका वाचकाने लिहिलंय. वय ३६, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला आहेत, आणि आपल्या समाजाच्या मंडळाचे सहसचिव. मंडळ म्हणजे रजिस्टर ट्रस्ट, साधारण १४०० घरं, मुलांचं एक वसतिगृह आणि दरवर्षीचा सामुदायिक विवाह. दोन वर्षांपूर्वी वाद झाला की शिल्लक पैशातून मंगल कार्यालय बांधायचं की वसतिगृह दुरुस्त करायचं. आता दोन कार्यकारिणी आहेत, दोन लेटरहेड, दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचे दोन चेंज रिपोर्ट. मार्चमध्ये दोन वेगळ्या सभा झाल्या, "आमच्या सभेला ६१ सह्या, त्यांच्या सभेला ४८." वर्गणी पूर्वी ९०० घरं भरायची, यंदा ३१०. वसतिगृहात राहून शिकलेले आणि आता अमेरिकेत असलेले दोघंजण पैसे देणार होते, त्यांचा इंग्रजीत मेल आलाय की नक्की काय चाललंय ते लिहून पाठवा, मग बघू. वाचक मराठी मीडियमचे. ड्राफ्टमध्ये त्यांनी 'फाइट्स' लिहिलं तर भाचा म्हणाला, "मामा, हे सहावीच्या निबंधासारखं वाटतंय." त्यांचा प्रश्न एवढाच: मोठ्या समूहात सगळीकडे पसरलेली फूट, यासाठी इंग्रजीत एक वजनदार शब्द सांगा, बाकी मी बघतो.

दादा,

शब्द मागितलाय तर आधी शब्दच देते. डिसेन्शन. एकाच संस्थेच्या, एकाच पक्षाच्या, एकाच समाजाच्या आत मतं फाटतात आणि त्याची भांडणं होतात ना, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. सगळीकडे पसरलंय असं सांगायचं असेल तर पुढे वाइडस्प्रेड लावा. वाइडस्प्रेड डिसेन्शन. हे वाचून अमेरिकेतलं कुणी हसणार नाही, भाचा पण नाही.

यावर तुम्ही मेल पाठवून मोकळे होऊ शकता. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतंय की हे दोन शब्द टाकलेत तर वाक्य भारी होईल पण खरं राहणार नाही. का ते सांगते, आज रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

आधी बाकीचे शब्द बघून घेऊ, कारण तुम्ही मोबाईलवर शोधणारच आणि तिथे एकाखाली एक दहा शब्द येतात, सगळ्यांचा अर्थ एकच असल्यासारखे. तसं नसतं. स्ट्राइफ घ्या, छोटासा आहे, ऐटदार वाटतो, पण बातम्यांत सिव्हिल स्ट्राइफ म्हणतात ते देशात गोळीबार-दंगली चालू असतात तेव्हा, आणि तुमच्या पत्रात अजून कुणी कुणाची कॉलर पण धरलेली नाही. इंटरनेसाइन म्हणजे आपली यादवी. महाभारतात मौसल पर्वात यादव प्रभासक्षेत्री समुद्रकाठचं गवत उपटून एकमेकांना मारत सुटतात आणि त्या गवताचं मुसळ होतं, तसं. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळात लॅटिनमधलं 'मारणं' आहे, पूर्वी अर्थ नुसता भयंकर कत्तल असा होता, 'एकमेकांचा नाश' हा अर्थ सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात दिला आणि पुढे तोच रुळला. म्हणजे तुमच्या मंडळाला हा शब्द लावलात तर वाचणाऱ्याला वाटेल आता कुणी शिल्लकच नाही, पैसे पाठवायचे कुणाला.

फॅक्शनलिझम म्हणजे गटबाजी, आणि या शब्दापाशी मला तुम्हाला हात धरून थांबवायचंय. जुन्या रोममध्ये रथांच्या शर्यतीच्या संघांना फॅक्शन म्हणायचे, निळे, हिरवे असे रंगावरून, आणि इसवी सन ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये या निळ्या-हिरव्यांचं प्रकरण इतकं पेटलं की शहराचा मोठा भाग जळाला आणि हजारो लोक मेले. पण तेवढं लांब कशाला जायचं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, तेलुगू पिक्चर बघतात, आणि तेलुगूत फॅक्शन म्हटलं की डोळ्यासमोर आंध्रातलं रायलसीमा येतं, दोन घराण्यांचं पिढ्यान् पिढ्या चाललेलं वैर, बॉम्ब, कोयते. तुम्ही इंग्रजीत साधं 'मंडळात फॅक्शन्स आहेत' लिहाल, तो मेल फिरत फिरत इथल्या एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या ट्रस्टीच्या फोनवर येईल (येतोच, मेल कुठे थांबतो) आणि तो काय वाचेल? शब्द कोशात एक असतो आणि गल्लीत वेगळाच, सोलापूरसारख्या चार भाषांच्या गावात तर जास्तच.

स्किझम तुम्हाला आवडेल, कारण तुमच्याकडे दोन लेटरहेड आहेत. हा शब्द ख्रिस्ती धर्मपीठाच्या फुटीसाठी वापरतात. १०५४ मध्ये पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च फुटलं ते एक, आणि १३७८ ते १४१७ मध्ये तर एकाच वेळी दोन पोप होते, एक रोममध्ये, एक फ्रान्समध्ये अ‍ॅव्हिन्यॉनला, दोघं एकमेकांना खोटा ठरवत होते. मग १४०९ मध्ये तोडगा काढायला सभा भरली, तिने नवा पोप निवडला, जुन्या दोघांनी गादी सोडली नाही आणि पोप झाले तीन. हे मी मुद्दाम सांगतेय. तुमच्यातही कुणीतरी म्हणत असणारच की दोन्ही कार्यकारिणी बरखास्त करा आणि तिसरी नेमा. त्या दोन्ही कार्यकारिणींची कबुली आधी हातात नसेल तर ते करू नका.

आता माझा खरा मुद्दा. तुम्ही 'सगळीकडे पसरलेली फूट' म्हणताय. तुमचेच आकडे घेऊ, तुम्ही अकाउंटचे आहात, माझ्यापेक्षा लवकर कराल. ६१ आणि ४८, झाले १०९. प्रत्येक सही वेगळ्या घरातली धरली तरी १४०० पैकी १०९ घरं, शंभरात आठ पण नाहीत. म्हणजे भांडतंय कोण? कार्यकारिणी आणि तिच्या आजूबाजूची माणसं. उरलेली बाराशे-नव्वद घरं कुठल्याच सभेला आली नाहीत. ती ना तुमच्या बाजूची ना त्यांच्या. तुम्ही रोज त्या दोन ग्रुपवर असता, सकाळी उठल्यावर फोनमध्ये तेच, म्हणून तुम्हाला वाटतं अख्खा समाज पेटलाय. त्यात तुमचा दोष नाही, आत बसलेल्या प्रत्येकाला असंच वाटतं.

पण मग त्या घरांचं सगळं ठीक आहे असंही मी म्हणणार नाही, कारण तुमचा तिसरा आकडा आहे. ९०० वरून ३१०. सहाशे घरांनी भांडण न करता गुपचूप वर्गणी बंद केली. ही फूट नाही दादा. यांचं मन उडालंय. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, बेदिली. आपण तो भांडणाच्या अर्थाने पण वापरतो, पण मुळात बघा, फारसीतला दिल आणि त्याच्या आधी बे, म्हणजे ज्याच्यात दिल राहिलं नाही तो बेदिल. गंमत अशी की इंग्रजीतला डिस्कॉर्ड पण आतून असाच आहे, लॅटिनमध्ये कॉर म्हणजे हृदय, हृदयं वेगळी झाली तो डिस्कॉर्ड. (तो वापरायला हरकत नव्हती पण २०१५ पासून त्या नावाचं चॅटिंगचं अ‍ॅप आहे, भाच्याला आधी तेच आठवेल.)

त्या सहाशे घरांसाठी इंग्रजीत जवळचा शब्द डिसअफेक्शन आहे. जिथे आपलेपणा होता तिथे तो उरला नाही. आणि या शब्दाशी आपली मराठी माणसांची ओळख फार जुनी आहे, राजद्रोहाच्या १२४अ कलमात हाच शब्द होता. १८९७ मध्ये टिळकांवर खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. नुसतं प्रेम नसणं हासुद्धा गुन्हा, असा त्याचा अर्थ निघत होता आणि त्यावर तेव्हा खूप टीका झाली, ती योग्यच होती. सरकारवर प्रेम नसलं तर काय बिघडतं. पण मंडळाचं काय? मंडळ तर दुसऱ्या कशावर चालतच नाही. वर्गणी कायद्याने वसूल होत नाही, घरटी जाऊन पावती फाडावी लागते आणि समोरच्याने आतून चहा आणून द्यावा लागतो.

म्हणजे तुमच्याकडे एक गोष्ट नाही, दोन आहेत. कार्यकारिणीत डिसेन्शन, समाजात डिसअफेक्शन. दोन्हीला एका वजनदार शब्दाखाली झाकलंत तर अमेरिकेतल्या त्या दोघांना वाटेल १४०० घरं आपसात लढतायत, आणि लढाईत कोण पैसे घालतो? याउलट भांडण थोड्यांचं आहे आणि बाकीचे कंटाळलेत असं कळलं तर ते वेगळा विचार करतील, कारण कंटाळलेला माणूस परत येतो.

आणखी एक, तुम्ही 'आमच्या सभेला' असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही एका बाजूचे आहात. असा ना, त्यात चुकीचं काही नाही, वसतिगृहाची टाकी गळतेय आणि पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा मुलांचे हाल होतात असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मी पण तुमच्याच बाजूची झाले. पण त्या दोघांनी पत्र सहसचिवाला मागितलंय, एका गटाच्या माणसाला नाही. आणि असले शब्द कधी नुसतं वर्णन करत नाहीत, ते कुणाकडे तरी बोट दाखवतात.

माझ्या वडिलांचं सांगते. ते मिलमध्ये क्लार्क होते, अक्षर मोत्यासारखं, म्हणून गल्लीतल्या मंडळाचं प्रोसिडिंग बुक त्यांच्याकडे. लांबट वही, लाल कापडाची बांधणी, निळी शाई. एका सभेला फार आरडाओरडा झाला आणि घरी येऊन त्यांनी कंदिलाशेजारी बसून (लाइट गेलेली होती) लिहिलं, 'गटबाजीमुळे सभा तहकूब.' पुढच्या महिन्यात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं तेव्हा आमचे एक शेजारी उभे राहिले. "कुणाची गटबाजी? नाव घ्या." वडिलांकडे नाव नव्हतं, त्यांनी तो शब्द मनात कुणाला धरून लिहिलाच नव्हता, कुठेतरी पेपरात वाचलेला, भारी वाटला म्हणून लिहिला. त्यांनी तिथल्या तिथे खोडून वर 'एकमत न झाल्यामुळे' लिहिलं. पण खोडलेलं खालून दिसत होतं. शेजारी आठ वर्षं बोलले नाहीत. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दोघं बाराबंदी घालून समोरासमोर यायचे, सगळं गाव एकमेकांच्या पाया पडतंय, गळ्यात पडतंय, आणि हे दोघं दोन दिशांना बघतायत. मी शाळेत होते, मला तो खोडलेला शब्द अजून दिसतो.

डिसेन्शन निवडण्यामागे माझं कारण हेच आहे. तो शब्द 'मत वेगळं वाटणं' यातून आलाय आणि त्यात लबाडीचा आरोप नाही. त्याचाच भाऊ डिसेंट. खंडपीठावरचा एखादा न्यायाधीश बाकीच्यांपेक्षा वेगळा निकाल लिहितो तो डिसेंट. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सुप्रीम कोर्टात चार न्यायमूर्ती एकीकडे आणि न्या. हं. रा. खन्ना एकटे दुसरीकडे, त्यांचा तो डिसेंट आज आपण मानाने आठवतो. डिसेंट मांडला जातो, ऐकला जातो, कागदावर राहतो. तो ऐकून घेतला नाही की महिनोन्महिने साचतो आणि त्याचं डिसेन्शन होतं. तुमच्याकडे मंगल कार्यालयवाल्यांचं म्हणणं शेवटचं पूर्ण कधी ऐकलं गेलं? विवाहाच्या हॉलला दरवर्षी जाणारं भाडं ते वाचवायचं म्हणत असतील तर तोही हिशेबच आहे. वाईट माणसांचं म्हणणं म्हणून बाजूला ठेवायचं नाही.

आता भाचा. दादा, मला वाटतं हे पत्र निम्मं तुम्ही त्याच्या हसण्यामुळे लिहिलंय. त्याला हसू द्या, त्याचं वय आहे. 'फाइट्स' चुकीचं नाही, फक्त मारामारी वाटते, त्यापेक्षा डिसअग्रीमेंट लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण एक विचारते, त्या दोघांना मराठी येत नाही का? तुमच्याच वसतिगृहात राहिले, तिथल्या मेसची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली, तिथूनच परीक्षा दिल्या. मेल इंग्रजीत आला कारण ते दिवसभर इंग्रजीतच टाइप करतात. त्यांना एका ओळीत विचारा, मराठीत सविस्तर लिहिलं तर चालेल का. मला खात्री आहे त्यांना बरं वाटेल. मग मराठीत दोन पानं मोकळेपणाने लिहा आणि सोबत रेकॉर्डसाठी एक पान इंग्रजी जोडा. असं अडलेल्या इतर वाचकांनाही हेच सांगेन, परदेशातल्या आपल्या माणसाला लिहिताना इंग्रजीच पाहिजे हे आपणच गृहीत धरतो.

इंग्रजी पानात आकडे आधी येऊ द्या, शब्द मागून. किती घरं, दोन सभांना किती, वर्गणी किती होती किती झाली, वसतिगृहात आत्ता किती मुलं, टाकीच्या कामाचं कोटेशन किती. मग दोन वाक्यं: 'देअर इज डिसेन्शन विदिन द कमिटी. मोस्ट मेंबर्स हॅव नॉट टेकन साइड्स, बट मेनी हॅव स्टॉप्ड पेइंग.' डिसअफेक्शन पण लिहू नका खरं तर, 'पैसे भरायचे थांबलेत' यातच ते येतं आणि कुणाच्या मनात काय आहे हे आपण ठरवल्यासारखं होत नाही. दोन्ही बाजूंची मागणी प्रत्येकी तीन ओळींत, दोन्हीला सारखीच जागा.

धर्मादायचं लपवू नका. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तुमच्याकडे दोघांनी दिलेत, दोन्हीचा निकाल व्हायचाय, एवढं सरळ लिहा आणि अर्जांचे नंबर टाका. निकाल लागेपर्यंत समोरच्यांना बोगस कमिटी म्हणायचं नाही, मेलमध्ये नाही आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. आणि पैशाचं: त्या दोघांकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याची, परवानगी नसताना ट्रस्टला ती घेता येत नाही, ओसीआय कार्ड असलं तरी. हे तुमच्या सीएला पैसे यायच्या आधी विचारा. दोन कमिट्या भांडत असताना त्यात ही चूक झाली तर दोघांनाही महागात पडेल.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही ओझरतं लिहिलंय की समोरच्या गटाचे प्रमुख म्हणजे अण्णा, ज्यांनी तुम्हाला बोट धरून मंडळात आणलं आणि खतावणी लिहायला शिकवलं, त्यांच्याशी दीड वर्ष बोलणं नाही. सगळ्या पत्रात मला हीच ओळ सगळ्यात जड वाटली, तुम्ही शोधताय त्या कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा जड. तर मेल पाठवायच्या आधी ड्राफ्टची प्रिंट काढा आणि रविवारी सकाळी एकटे त्यांच्याकडे जा. फोन करून जा, अचानक नको. आत गेल्यावर वादाचं काही काढू नका, म्हणा, "अण्णा, अमेरिकेला पाठवायचंय, तुमचं म्हणणं मी बरोबर मांडलंय का तेवढं बघा." आणि प्रिंटबरोबर पेन पण द्या. एखादा शब्द खोडायचा असेल तर खोडू द्या, त्याच्या वर ते जे लिहितील तोच शब्द टाइप करा, मग तो डिसेन्शन असो नाहीतर साधा डिफरन्स. आकडे मात्र कुणालाच खोडू देऊ नका, अण्णांनाही नाही आणि घरी आल्यावर तुमच्या बाजूच्यांनाही नाही.

— तुमची ताई